भिजल्या गाठींची पलटण

वडील, म्हणजे आमचे आबा, पलटणीतून पेन्शनीत आले आणि त्यांनी साताऱ्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी घर बांधलं. जागा पसंत करताना त्यांनी उतार पाहिला, वारा पाहिला, शत्रू आलाच तर कुठल्या बाजूनं येईल तेही पाहिलं. माती तेवढी पाहायची राहिली. आमचं अंगण म्हणजे अखंड मुरूम होता. त्यात कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि मारणाऱ्याचा हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. आईची तुळससुद्धा डालड्याच्या डब्यात होती. आळीतली सगळी घरं पेन्शनीतल्या जवानांची. पहाटे पहिला खोकला समोरच्या हवालदारकाकांचा, दुसरा आमच्या आबांचा, मग नळावरच्या बादल्या, मग आईच्या भाकरीची थापथाप आणि या सगळ्यावर आबांची शिट्टी. ती खरीखुरी पितळी शिट्टी होती. ती वाजली की मी आणि माझी धाकटी बहीण सुमी, दोघांनी अंथरुणाच्या घड्या घालून शेजारी उभं राहायचं. सुमीची घडी विटेसारखी चौकोनी व्हायची. माझी घडी पाहून आबा म्हणायचे, "ह्ये अंथरूण हाय का बाळंतिणीची वाकळ?" आता या वयात मी रोज स्वतःहून उठतो, स्वतःहून घडी घालतो, आणि ती अजूनही वाकळीसारखीच होते.

आमच्या आळीत पोरगा मोठा झाला की लोक त्याच्या मार्कांची चौकशी करत नसत, छातीची करत. महिन्यातून एकदा आबा मला दाराच्या चौकटीशी उभं करून शिंप्याच्या टेपनं माझी छाती मोजायचे. "फुगव," ते म्हणायचे. मी श्वास घेऊन डोळे बाहेर येईपर्यंत उभा राहायचो. "आरं, फुगव म्हनतुया." "फुगवलीया की, आबा." "मग मगाशी काय हुती?" टेप जागची हललेली नसायची. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी असा आपटलो होतो की मास्तरांनीसुद्धा पुन्हा ये म्हटलं नाही, आणि त्यामुळे आबांच्या दृष्टीनं प्रश्न सुटलेला होता. दिवाळी झाली की भरती होती आणि मी त्या रांगेत उभं राहायचं होतं. मला जायचं नव्हतं. गोळी लागेल अशी भीती होती म्हणावं, तर तेवढं पुढचं मी पाहिलंच नव्हतं. मला भीती होती ती ओरडण्याची. एका सुभेदाराच्या ओरडण्यात मी एवढा मोठा झालो होतो, तिथं तर सगळेच तसले असणार. मला करायची होती शेती. का, ते मलाही सांगता आलं नसतं. शेत नव्हतं, माती नव्हती, आणि मेथी आणि कोथिंबीर यांत माझा अजून घोळ व्हायचा.

त्याच सुमाराला तो मोठा दुष्काळ सरत आला होता. साताऱ्यात त्याची झळ आम्हाला कळली ती रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीतून. ती भाकरी ताटात पडली की आवाज यायचा. खरा दुष्काळ पूर्वेला, आटपाडीकडं होता. आमचं मूळ घराणं तिकडचं, मेंढरांवर जगणारं. आजोबा गेले तेव्हा आबा लहान होते. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आत्तीनं, त्यांना काखेला मारून मेंढरांमागं रानोमाळ हिंडत वाढवलं होतं. ती अजून तिकडंच राहायची. तिचे यजमान आणि मुलगा मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर असत, आणि घर, गाय अन् एक खडकाळ तुकडा ती एकटी सांभाळायची. सगळी आळी आबांना सुभेदारसाहेब म्हणायची. आत्ती त्यांना नाम्या म्हणायची, आणि तिनं नाम्या म्हटलं की आमचे सुभेदारसाहेब पायातल्या वहाणा काढून उभे राहायचे.

एके सकाळी आमच्या दारात लॉरी उभी राहिली. चालवत होते मारुतीकाका, आबांचे पलटणीतले सोबती. ते मेढ्याकडच्या डोंगरातलं कापलेलं गवत आटपाडीकडच्या गुरांच्या छावणीवर नेऊन टाकायचे. यंत्रानं दाबून, लोखंडी तारांनी आवळलेल्या त्या गवताच्या चौकोनी गाठी असत, एकेक चांगली पेटीएवढी. या खेपेला लॉरी साताऱ्यातच मोडून पडली होती. दुरुस्ती होईपर्यंत पाऊस लागला, गाठी उघड्यावर भिजल्या, रानात हिरवं दिसू लागलं आणि छावण्या उठल्या. ठेकेदार म्हणाला, कुठंही फेक जा. "सुभेदार, तुमच्या अंगनात टाकतु, लॉरी मोकळी करायची हाय," असं म्हणत मारुतीकाकांनी निम्मी लॉरी आमच्याकडं उतरवलीसुद्धा. शेजारच्या म्हशीनं एका गाठीला तोंड लावलं, फुरफुरली आणि मान फिरवून गेली. आई पदर नाकाला लावून म्हणाली, "आवं, मानसं दारात मोगरा लावत्यात. तुमी ह्ये काय आनलंसा?" आबांनीही गाठींकडं पाहिलं. त्या वाकड्यातिकड्या पडल्या होत्या एवढंच त्यांना खटकलेलं दिसलं.

आता माझ्या अकलेची गोष्ट. काही दिवसांपूर्वी शेंगदाण्याच्या पुडीचा एक चकचकीत कागद मी जपून ठेवला होता. कुठल्यातरी परदेशी मासिकाचं पान होतं. भाषा इंग्रजीही नव्हती, नाहीतर निदान नापास होण्याइतकी तरी मला कळली असती. चित्रात एक गोरी बाई गवताच्या गाठीशेजारी उभी होती आणि त्या गाठीतून टोमॅटोचं झाड वर आलं होतं, लाललाल फळांनी वाकलेलं. खाली माती नव्हती. बाई हसत होती. त्यावरून मी दोन निष्कर्ष काढले. एक, टोमॅटोला माती लागत नाही. दुसरा, बाई ज्या अर्थी हसते आहे त्या अर्थी काम सोपं असणार. मी तो कागद घेऊन आबांपुढं उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोललो, की भरतीला जाण्याआधी मला हे एकदा करून बघू द्या. शेती जमली तर मला पाठवू नका. आबांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "दिवाळीला आक्का येनार हाय. तिला दाव. ह्या पोराच्या हातात शेती हाय असं ती म्हनली, तर भरती रद्द. न्हाई म्हनली, तर दुसऱ्या दिवशी रांगंत हुबं ऱ्हायाचं. मंजूर?" मी मंजूर म्हटलं. आत्तीनं मला लहानपणी मांडीवर घेतलं होतं, ती नाही म्हणणं शक्यच नव्हतं. माझी सगळी गणितं तेव्हा अशीच असायची.

मी मंडईतून रोपं आणली, गाठींना सळईनं भोकं पाडली आणि खोचून टाकली. तिसऱ्या दिवशी रोपं मेली होती. सुकून नव्हे, शिजून. पानं उकडलेल्या माठाच्या भाजीसारखी लोळत होती. भोकात बोट घातलं आणि ओरडून बाहेर काढलं. आतून गाठ पेटल्यासारखी तापली होती. भिजलेलं गवत कुजू लागलं की आधी तापतं, हे त्या हसऱ्या बाईनं सांगितलं नव्हतं. सकाळच्या गारव्यात सगळ्या गाठींतून वाफ निघायची. एक दिवस हवालदारकाकांनी ती खिडकीतून पाहिली आणि "आग! आग!" अशी बोंब ठोकली. आमची आळी ती, एका हाकेत नळापासून अंगणापर्यंत माणसांची रांग लागली आणि बादल्या हातोहात पुढं सरकू लागल्या. मी मध्ये उभा राहून "आग न्हाई, काका, आग न्हाई!" म्हणत होतो, तेवढ्यात एक बादली माझ्यावरच आली. गंमत म्हणजे गाठींना नेमकं तेवढंच पाणी हवं होतं. पुढं मला पाणी घालायचा कंटाळा आला की हवालदारकाकांना एकदा धूर दाखवावा असं मनात यायचं.

गाठी निवल्या कधी हे कळायचं कसं, ही पुढची अडचण. बोट घालून बघावं तर प्रत्येक गाठीचा स्वभाव निराळा. ती सोडवली आईनं, आणि तीही स्वतःच्या कामासाठी. पावसाळी हवेत घरात दही धड लागत नव्हतं. एका संध्याकाळी तिनं विरजणाचं गाडगं कोमट झालेल्या एका गाठीत गळ्यापर्यंत खुपसलं, आणि सकाळी सुरीनं कापावं असं दही निघालं. मग रोज गाडगं या गाठीतून त्या गाठीत फिरू लागलं. जी गाठ निवून जायची, तिच्यात दूध दूधच राहायचं. आई गाडगं काढून मला हाक मारायची, "दत्ता, ह्या गाठीत दही लागंना. लाव तुझं रोप." अशी आमची लागवड दह्याच्या हिशेबानं झाली. नंतर शेतीतल्या कुणाकुणाला मी हे सांगितलं तर ते माझ्याकडं बघत राहतात. मी तरी काय करणार, आमच्याकडं दही हेच यंत्र होतं.

नुसत्या गवतावर रोपं पिवळी पडू लागली तेव्हा खाऊ घालायला हवं हे माझ्यासारख्यालाही कळलं. शेजारच्या गोठ्यातून शेण आणि म्हशीचं मूत आणायचं, पाण्यात कालवायचं आणि भोकाभोकांत ओतायचं, हे माझं रोजचं काम झालं. त्यासाठी मी एकदा आबांचा पलटणीतला जेवणाचा डबा नेला. त्या दिवशी मला कळलं, की घरचं ओरडणं आतापर्यंत हातचं राखून चाललं होतं. सुमी जेवताना मला दारात बसवायची. "दादा, तुझं लगीन एखांद्या म्हशीसंगंच लावू या," ती म्हणायची, आणि आई तिला गप्प करताना स्वतःच पदराआड हसायची. टोमॅटोशेजारी मी घेवडा लावला, भेंडी लावली, गाठींच्या कडेनं मेथी फेकली. मेथी पहिली उगवली. आईनं तिची भाजी केली, लसूण आणि सुकी मिरची घालून, आणि आबांनी न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी त्यांच्याकडं पाहिलं तर ते म्हणाले, "मीठ कमी हाय." मला इतका आनंद झाला की मी जास्तीची भाकरी खाल्ली, मिलोची असूनही.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळी उठून बघावं तर गाठी सरळ रेषेत आलेल्या असायच्या. मग त्यांच्यात सारखं अंतर पडलं. तारा गंजून तुटल्या तिथं काथ्या आवळलेला दिसू लागला, आणि ती गाठ मी मारलेली नव्हती, कारण ती सुटत नव्हती. आबा शिट्टी वाजवून झाली की हात पाठीशी बांधून गाठींच्या रांगेपुढून चालत जायचे. "कडंची गाठ ढिली पडलीया. काठी वाकडी हाय. ह्या तंबाट्याला आधार द्या." कुणाला सांगत होते कुणास ठाऊक. एकदा मी म्हटलं, "आबा, तुम्हाला आवडतंय ना हे?" तर म्हणाले, "मला काय आवडायचंय त्यात. लाईन सरळ पायजे." पण पहिला टोमॅटो लाल झाला त्या दिवशी ते हवालदारकाकांना हाताला धरून घेऊन आले, आणि दोघं त्या फळापुढं बराच वेळ उभे राहिले. दिवाळी जवळ आली तोवर झाडं काठ्यांवरून खाली वाकली होती. मी मनातल्या मनात भरती रद्द करून टाकली होती.

आत्ती आटपाडीच्या एस.टी.नं आली. खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी, पिशवीची एक मूठ तुटलेली आणि तिथं लोखंडी तार वळवून बसवलेली. दुष्काळानं ती अर्धी झाली होती. आबांनी वहाणा काढल्या, पाया पडले. "नाम्या, पोट सुटलं रं तुझं," ती म्हणाली आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला. तिला पाणीसुद्धा पिऊ न देता मी तिचा हात धरून अंगणात गाठींपुढं नेलं. सकाळीच मी सगळी पानं पुसून ठेवली होती. टोमॅटो लाल, भेंडी हातभर, गाठी एका रेषेत. मी म्हटलं, "आत्ती, बघ."

ती बघत राहिली. मग खाली बसली. झाडांकडं तिनं पाहिलंच नव्हतं. गाठीतून एक मूठ गवत तिनं ओढून काढलं, काळं, ओलं, आणि तळहातावर पसरलं. "ह्ये गवात हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, व्हय. "डोंगरातलं. मेढ्याकडचं." व्हय. "कुजवलंस?" इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं तिला कौतुक वाटतंय. मी सगळं सांगत सुटलो. लॉरी, पाऊस, दही, म्हैस. आणि वर हसून म्हटलं, "आणि आत्ती, गंमत म्हणजे ह्या गाठी तुमच्याकडंच निघाल्या होत्या. आटपाडीच्या छावणीवर."

आजही ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो. आत्तीनं पिशवी पुढं केली आणि तारेच्या मुठीवर बोट ठेवलं. "ही तार बघ. असल्याच गाठीची हाय. छावणीत तार बी कुनी टाकत नव्हतं. लॉरी आली की आमी बाया चाकामागनं चालायचो. खाली पडल्याली काडी न् काडी पदरात येचायचो. शेवटी शेवटी लॉऱ्या येईनाशा झाल्या. माझी चंद्री गाय रस्त्याकडं तोंड करून बसायची. बसली ती उठलीच न्हाई. मग चार दिसानं पाऊस आला." ती रडत नव्हती. मी घाबरून खिशातला तो चकचकीत कागद काढला आणि तिच्यापुढं धरला, कारण मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, परदेशात असंच करतात. तिनं चित्राकडं पाहिलं आणि विचारलं, "ही बाई हसतीया कशाला?"

त्या दिवशी आत्ती आमच्या घरात जेवली नाही. "ज्या घरात वैरन कुजवत्यात तितं मी भाकरी मोडायची न्हाई," म्हणाली आणि ओट्यावर घोंगडी टाकून बसली. आईनं दिवाळीसाठी करंज्या केल्या होत्या, त्या डब्यातच राहिल्या. आबा तिच्यासमोर उभे होते. गवत आधीच भिजलं होतं, म्हशीनंसुद्धा तोंड लावलं नव्हतं, हे सांगून टाका असं मी त्यांना खुणावत होतो. शेवटी त्यांनी ते सांगितलं. आत्ती म्हणाली, "तुमच्या म्हशीनं तोंड लावलं न्हाई. चंद्रीनं लावलं असतं." त्यावर आबा आत गेले, आणि त्यांनी ट्रंकेतून माझे भरतीचे कागद काढले आणि टेप चौकटीशी लावून ठेवली. मला राग आबांचा आला नाही आणि आत्तीचाही नाही. मला लाज वाटली. एवढे महिने मी ज्याला माझी हुशारी समजत होतो, ती कुणाच्या तरी तोंडचा घास होती, आणि मी त्यावर पानं पुसत बसलो होतो.

सकाळी शिट्टी वाजली नाही. उठून अंगणात गेलो तर आत्ती तिथं होती. तिनं कडेची एक गाठ काथ्या कापून फोडली होती आणि कोपरापर्यंत हात आत घातला होता. मला वाटलं सगळं उपसून फेकते आहे. पण तिनं आतला काळा भुसभुशीत चुरा मुठीत घेतला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग पुन्हा घेतला, पुन्हा नाकाशी नेला. तिच्या घराण्यानं जन्मभर लोकांच्या शेतात मेंढरं बसवली होती. रात्रभर कळप वावरात बसवायचा, त्यांच्या लेंडीखतावर शेतकऱ्याचं पीक यायचं, म्हणून गावोगाव त्यांना बोलावणं असायचं. त्या वासात तिचं आयुष्य गेलं होतं. "नाम्या!" तिनं हाक मारली. आबा बनियनवर धावत आले. "वास घे." आबांनी घेतला. "काय हाय?" आबा चाचरत म्हणाले, "लेंडीखत?" आत्तीनं मान हलवली. "मेंढराच्या पोटात न जाता. मेंढरू न्हाई, गाय न्हाई, आन खत झालंया." तिनं माझ्याकडं पाहिलं. "कुजल्याल्याला हात लावू नगं म्हनून कुनी सांगितलं न्हाई का रं तुला?" मी म्हटलं, "सगळ्यांनीच सांगितलं, आत्ती."

मग तिनं झाडाचा एक टोमॅटो तोडला, पदराला पुसला आणि उभ्यानंच खाल्ला. रस मनगटावरून ओघळला. आई दारात येऊन उभी राहिली होती, सुमी तिच्या मागं. आबांनी नीट उभं राहून विचारलं, "आक्का, तू म्हनशील तसं. ह्या पोराच्या हातात शेती हाय का?" आत्तीनं देठ फेकला. "न्हाई. ह्येला शेतीतलं काय बी कळत न्हाई," ती म्हणाली. चौकटीशी लावलेली टेप मला तिथून दिसत होती. "भेंडी किती जून केलीया बघ. घेवडा कुनी असा लावतंय का? पर कुजल्यालं ह्येला टाकवलं न्हाई. बाकी मी शिकवीन. पोरगं मला दे, नाम्या. माझा तुकडा निसता खडक हाय." आबांनी दाराच्या चौकटीकडं पाहिलं. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला दिसत होतं. माझ्या अंगावर ती वर्दी त्यांनी कितीदा मनात चढवून पाहिली असेल. पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ठीक हाय, आक्का."

आत्तीला फोडलेल्या गाठीतलं खत बरोबर न्यायचं होतं. आई पोतं शोधू लागली. तेवढ्यात आबा आतून त्यांची पलटणीची किटबॅग घेऊन आले. त्या बॅगेला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती. सुमीनं एकदा तिच्यावर नुसती ओढणी टाकली होती तर दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. आबांनी ती उलटी करून झटकली, तोंड पसरून धरली आणि मला म्हणाले, "भर." मी फावड्यानं भरत गेलो. ते बॅग हलवून हलवून खाली दाबत होते, कोपऱ्यात जागा राहू नये म्हणून. मग दोरी ओढून त्यांनी तिची गाठ मारली आणि स्वतः उचलून माझ्या खांद्यावर चढवली. "छाती पुढं," ते म्हणाले. मी पुढं केली. ते बघत राहिले. टेप मात्र त्यांनी काढली नाही.

सुभेदारांचा मुलगा खांद्यावर किटबॅग घेऊन घरातून निघाला हे आळीनं पाहिलं. हवालदारकाका ओट्यावरून उतरले. एकेक दार उघडलं. हवालदारकाकूंनी औक्षण केलं, कुणी हातात नारळ दिला, कुणी पेढा तोंडात कोंबला. मी "अहो, मी भरतीला नाही, आटपाडीला" असं पेढ्यातून सांगायचा प्रयत्न केला, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. वास येत होता. पण आमच्या आळीत किटबॅगेच्या वासाबद्दल कुणी बोलत नाही. हवालदारकाकांनी टाचा जुळवून मला कडक सलाम ठोकला. मी आबांकडं पाहिलं, म्हटलं आता हे तरी खरं सांगतील. आबांनी समोर बघत, माझ्या वतीनं, तो सलाम घेतला. पुढं कितीतरी महिने हवालदारकाका विचारायचे, पोराची पोस्टिंग कुठं आहे. आबा सांगायचे, पूर्वेला.

एस.टी.त ती बॅग मी मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा माणूस दुसऱ्या बाकावर गेला. आत्ती वाटेत फारसं बोलली नाही. विट्याच्या पुढं उसाचं हिरवं संपलं आणि माळ सुरू झाले, तेव्हा तिनं आपणहून बॅगेवर हात ठेवला आणि आटपाडीपर्यंत तसाच ठेवला. मला वाटलं होतं, ती आधी तिचा तो खडकाळ तुकडा दाखवेल, खत कुठं टाकायचं ते सांगेल. मी मनात भाषणही तयार केलं होतं, टोमॅटो, घेवडा, आता नीट लावलेला. पण ती मला थेट घरामागच्या गोठ्यात घेऊन गेली. गोठा स्वच्छ झाडलेला होता. मधोमध एक खुंटा होता, घासून गुळगुळीत झालेला, आणि दावं गुंडाळून त्यालाच अडकवून ठेवलेलं होतं.

"पयली मूठ हितं," आत्ती म्हणाली.

मी बॅगेची दोरी सोडली आणि खुंट्याच्या बुडाशी खत ओतलं. मेढ्याच्या डोंगरातलं गवत होतं ते, साताऱ्यात अडकलेलं. आत्तीनं उकिडवं बसून ते दोन्ही हातांनी सारखं केलं, गाईपुढं वैरण सारखी करतात तसं, आणि खुंट्यावरून हात फिरवला.

"उशिरा आलं गं बाई," ती म्हणाली. "पर आलं."

मला रडू फुटलं. मोठ्यानं, हुंदके देऊन, पलटणीत कुणी ऐकलं असतं तर आबांचं नाव गेलं असतं असं. हाताशी काही नव्हतं म्हणून मी किटबॅगेच्या तोंडानंच डोळे पुसले, नाक पुसलं. आत्तीनं वर पाहिलं, आणि दुष्काळ संपल्यावर बहुधा पहिल्यांदाच ती खदखदून हसू लागली. माझं सगळं तोंड खतानं काळं झालं होतं. "आरं माझ्या सुभेदारा," ती पोट धरून म्हणाली, "ह्ये असलं त्वांड घिऊन काय शेती करनार तू? जा, हिरीवर जा आन धुवून ये." मी तोंड धुवायला गेलो, तो हे लिहितानाही आटपाडीतच आहे.